शेत नजरेने निवडू नये

शितावरून भाताची परीक्षा होते खरी. परंतु भात एकाच भांड्यात शिजलेला असतो. शेतीचे तसे नाही. अकोला व अमरावती जिल्ह्यांत पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्टा, गोड्या पाण्याची काळी जमीन आणि सातपुड्याच्या उतारावरील बरड, अशी तऱ्हा आहे. येथे कोणते शीत उचलावे, हाच खरा प्रश्न आहे.

याचे उत्तर संख्याशास्त्र देते. मंडळातील एका पिकाची सर्व शेते म्हणजे समष्टी. मोजणीसाठी घेतलेली थोडी शेते म्हणजे नमुना. आणि प्रत्येक शेताला समान संधी देऊन काढलेला नमुना तो यादृच्छिक नमुना. त्यातही थोडी तफावत राहते. पण ती गणिताने अजमावता येते व नमुना वाढविला की घटते. मर्जीने निवडलेल्या शेतांचा दोष मात्र शेते वाढवूनही जात नाही.

वऱ्हाडाला ही पद्धत नवी नाही. १९४० नंतरच्या दशकात डॉ. पानसे व डॉ. कळमकर यांनी येथील कापसाचे उत्पन्न याच रीतीने अजमावले होते.

आज तिचे महत्त्व अधिकच वाढले आहे. २०२५ च्या खरिपापासून महाराष्ट्रात पीक विम्याची भरपाई पीक कापणी प्रयोगातील उत्पन्नावर ठरते. समजा, १० मीटर लांब व ५ मीटर रुंद तुकडा कापला. तो हेक्टरचा दोनशेवा भाग होय. तेथे एक किलोची चूक झाली, तर हेक्टरी दोन क्विंटलांची चूक होते. सोयीसाठी सडकेलगतचे डौलदार शेत घेतले, तर साऱ्या मंडळाची भरपाई बुडू शकते. दयेपोटी मुद्दाम बुडालेले शेत घेणेही हिताचे नाही. असे वारंवार घडल्यास पुढील वर्षांचे उंबरठा उत्पन्नच खाली येते आणि खऱ्या संकटात शेतकरी उघडा पडतो.

म्हणून कार्यकर्त्याने यादृच्छिक अंकाने आलेला गट क्रमांक, वाट कितीही चिखलाची असो, बदलू नये. शेतातील तुकडाही अंकानेच ठरवावा. पिकाकडे पाहून नव्हे. शेतकरी बांधवांनी कापणी व वजनाच्या वेळी हजर राहावे, काटा पाहावा आणि नोंद वाचूनच सही करावी. ते दहा-वीस किलो धान्य एका शेतातले असले, तरी त्यावर साऱ्या मंडळाचा हिशेब लागतो.