मानवणे

“हे औषध मला मानवत नाही,” असे सदाशिव पेठेतील दवाखान्यात, खिशातून चुरगळलेली चिठ्ठी काढीत, जे आजोबा ठामपणे सांगतात, तेच जनुकीय चाचणीचे नाव निघताच “घराण्याचे दप्तर परक्यापुढे कशाला?” म्हणून बिचकतात; नातीची सोयरीकही त्यांच्या मनात असतेच. वस्तुतः त्यांचे ते ‘मानवणे’ जनुकांतही शोधता येते: पुणे विद्यापीठातील भूषण पटवर्धन व सहकाऱ्यांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १३२ निरोगी इसमांची आयुर्वेदोक्त प्रकृती आणि सीवायपी२सी१९ हे जनुक ताडून पाहिले, तेव्हा औषध झपाट्याने पचविणारा प्रकार पित्तप्रकृतीत, तर मंद प्रकार कफप्रकृतीत अधिक आढळला. हृद्रोग्यास मिळणारे क्लोपिडोग्रेल याच जनुकाच्या बळावर यकृतात कार्यक्षम होते; मंद देहात त्याचा गुण उणा पडतो. हे निवांत समजाविले, की आजोबा चिठ्ठीची घडी घालीत विचारतात, “खर्च किती?”