मासिक मरतुकडे मंडळ

दिवाळीत हात भाजतो तो बहुधा लवंगी फटाक्याने. ॲटम बाँब लावताना माणूस वात लांब सोडवतो, पोरांना ओसरीवर पिटाळतो आणि मग अंग चोरून पुढे सरकतो. लवंगी मात्र तो हातात धरूनच पेटवतो आणि गप्पा मारीत फेकतो. एखादीची वात आखूड निघते, आणि मग गार पाण्यासाठी धावाधाव!

मुष्टियुद्धाच्या रिंगणातही हाच न्याय चालतो. जगज्जेत्याला भीती कोणाची, असे विचारले तर लोक मोठमोठी नावे घेतील. परंतु बलाढ्य प्रतिस्पर्ध्यासाठी जगज्जेता महिनोन्‌महिने तयारी करतो. घात होतो तो ‘हा काय करणार!’ म्हणून ज्याच्याकडे पाहिले जाते, त्याच्या हातून. वाचकहो, आज ज्याची हकीकत सांगावयाची आहे, त्याने असल्या लवंग्यांची एक माळच्या माळ उडवली. लोक त्याला हसले. त्याच्या हाताला चटके किती बसले, हे मात्र फार थोड्यांनी पाहिले.

त्याचे नाव जो लुई. अलाबामा राज्यात परक्याच्या शेतात राबणाऱ्या एका कृष्णवर्णीय कुटुंबात 1914 साली तो जन्मला आणि डेट्रॉइट शहरात वाढला. 22 जून 1937 रोजी शिकागोत जेम्स ब्रॅडॉकला आठव्या फेरीत लोळवून तो हेवीवेट गटाचा जगज्जेता झाला. त्या दिवशी पहिल्या फेरीत खाली बसण्याची पाळी खुद्द लुईवर आली होती, हे पुष्कळजण विसरतात. 1 मार्च 1949 रोजी त्याने निवृत्ती जाहीर केली, तोवर जवळजवळ पावणेबारा वर्षे अजिंक्यपद त्याच्याकडे होते. एवढ्या काळात त्याने ते 25 वेळा पणाला लावले आणि 25ही वेळा राखले. त्यांपैकी 21 लढती ठरलेल्या फेऱ्या पुऱ्या होण्याआधीच त्याच्या ठोशांनी संपल्या. हेवीवेट गटात हा विक्रम आजतागायत अबाधित आहे.

‘पणाला लावणे’ म्हणजे काय, हे जरा उलगडून सांगितले पाहिजे. मुष्टियोद्ध्यांच्या लढती दोन जातींच्या. एक अजिंक्यपदाची. ती त्या काळी सामान्यतः पंधरा फेऱ्यांची असे, आणि हरणाऱ्याचे पद त्याच रात्री जाई. दुसरी हात मोकळे करण्याची. ती बहुधा दहा फेऱ्यांची. मोठ्या लढतीपूर्वी अंगातला आळस झाडावा, चार पैसे मिळवावेत, एवढाच तिचा हेतू. हलक्या वजनाच्या गटांत यासाठी एक नामी युक्ती होती. दोघांनीही गटाच्या मर्यादेपेक्षा थोडे अधिक वजन घेऊन उतरायचे, म्हणजे जगज्जेता हरला तरी पद शाबूत! हेवीवेट गटाला वरची मर्यादाच नसल्यामुळे ही पळवाट तेथे बंद होती.

मग हेवीवेटचे जगज्जेते काय करीत? पुष्कळदा काहीच करीत नसत. जॅक डेम्प्सीचेच पाहा. 14 सप्टेंबर 1923 रोजी त्याने अर्जेंटिनाच्या फिर्पोला हरवले आणि त्यानंतर तीन वर्षे नऊ दिवस पद पेटीत कुलूपबंद करून ठेवले. नाव गाजत होते, पैसा येत होता. मग अंगावर ठोसे घ्यायचे कशासाठी? 23 सप्टेंबर 1926 रोजी फिलाडेल्फियात जीन टनीपुढे तो उभा राहिला तेव्हा हातांवर चढलेला गंज लाखभर प्रेक्षकांनी उघड्या डोळ्यांनी पाहिला. दहा फेऱ्यांनंतर पद टनीकडे गेले.

लुईने नेमका उलटा मार्ग धरला. त्याला बसून राहणे परवडणारेही नव्हते. 1908 ते 1915 या काळात जॅक जॉन्सन हा कृष्णवर्णीय मुष्टियोद्धा जगज्जेता होता. तो पदच्युत झाल्यावर पुढची बावीस वर्षे त्याच्या वर्णाच्या एकाही योद्ध्याला या पदासाठी झुंजण्याची संधी मिळाली नाही. इतक्या वर्षांनी किलकिले झालेले दार लुईच्या पाठीशी होते. तो एखाद्या सामान्य गड्याकडून हरला असता, तर ते पुन्हा लागायला कितीसा वेळ लागला असता?

तेव्हा तो लढत राहिला. 1939 साली चार वेळा, 1940 साली चार वेळा, आणि 1941 साली तर सात वेळा त्याने पद पणाला लावले. त्यातही 16 डिसेंबर 1940 ते 18 जून 1941 हा काळ विलक्षण होता. सहा महिने आणि दोन दिवसांत सात लढती, म्हणजे दरमहा एक! डिसेंबरात बॉस्टनला अल मकॉय, जानेवारीत न्यूयॉर्कला रेड बर्मन, फेब्रुवारीत फिलाडेल्फियाला गस डोराझिओ, मार्चमध्ये डेट्रॉइटला एब सायमन, एप्रिलमध्ये सेंट लुईसला टोनी मुस्टो, मेमध्ये वॉशिंग्टनला बडी बेअर आणि जूनमध्ये पुन्हा न्यूयॉर्कला बिली कॉन. अमेरिकेत तेव्हा दरमहा एक निवडक पुस्तक घरपोच करणारी मंडळे होती. त्या चालीवर वृत्तपत्रांतल्या टीकाकारांनी या मालिकेचे जे बारसे केले, त्याला मराठीत ‘मासिक मरतुकडे मंडळ’ म्हणता येईल.

नाव गमतीचे खरे. पण हे मरतुकडे कसे होते, ते तरी पाहू. डोराझिओ दुसऱ्याच फेरीत आडवा झाला, हे कबूल. परंतु अडीचशे पौंडांहून वजनदार असा धिप्पाड सायमन तेरा फेऱ्यांपर्यंत उभा होता. मुस्टो नवव्या फेरीपर्यंत टिकला. बडी बेअरने तर पहिल्याच फेरीत जगज्जेत्याला दोरांमधून रिंगणाबाहेर फेकले! लुई परत आत आला आणि सहाव्या फेरीत त्याने बेअरला लोळवले. पण शेवटचा ठोसा घंटा झाल्यावर मारला, असा वाद बेअरच्या मॅनेजरने घातला. सातव्या फेरीची वेळ झाली तरी तो रिंगण सोडीना. अखेर पंचाने बेअरला बाद ठरवले.

या गड्यांपैकी प्रत्येकाच्या आयुष्यात अशी रात्र बहुधा एकदाच येत होती. जगज्जेत्याच्या लेखी ती महिन्याची तारीख. समोरच्याच्या लेखी जन्माचे सोने करण्याची संधी. एक ठोसा बरोबर लागला तर उद्यापासून जग त्याला ओळखणार होते. पद पणाला लागले की मरतुकडाही मरतुकडा राहत नाही, तो असा.

आणि मग बिली कॉन आला. तो खालच्या गटाचा जगज्जेता. लुईचे वजन त्याच्याहून निदान पंचवीस पौंडांनी अधिक. पण काय त्याची चपळाई! बारा फेऱ्या झाल्या तेव्हा तिघांपैकी दोघा निर्णायकांच्या कागदावर कॉन पुढे होता आणि तिसऱ्याच्या कागदावर दोघे बरोबरीत. उरलेल्या तीन फेऱ्या नुसता दूर राहिला असता, तरी पद त्याचे होते. त्याच्या बाजूची माणसे त्याला हेच विनवीत होती. पण जगज्जेत्याला गुणांवर नव्हे, ठोशाने पाडायचे, या ईर्षेने तो जवळ गेला. लुई त्याचीच वाट पाहत होता. तेरावी फेरी संपायला दोन सेकंद उरले असताना कॉनची मोजणी पुरी झाली.

महायुद्धानंतरची गोष्ट तर आणखी बोलकी आहे. जर्सी जो वॉलकॉट हा एके काळी लुईला सराव देणारा गडी. 1947 साली त्याच्याशी आधी केवळ प्रदर्शनाची लढत ठरली होती; न्यूयॉर्कच्या नियामकांनी मात्र ती पदाचीच असली पाहिजे, असा आग्रह धरला. 5 डिसेंबरच्या त्या रात्री वॉलकॉटने लुईला दोनदा खाली पाडले. पंधरा फेऱ्यांनंतर निर्णायकांच्या बहुमताने लुई वाचला खरा, पण प्रेक्षकांनी आरडाओरड केली. पुढच्या जूनमध्ये अकराव्या फेरीत त्याने वॉलकॉटला लोळवले आणि मगच निवृत्ती घेतली.

येथे हकीकत संपती तर फार बरे झाले असते. परंतु सरकारी कराच्या बाकीचे ओझे डोक्यावर होते; लुई परत आला. सप्टेंबर 1950 मध्ये एझर्ड चार्ल्सने त्याला गुणांवर हरवले. त्यानंतर सुरू झाल्या त्या हात मोकळे करण्याच्या लढती. शिकागो, डेट्रॉइट, मायामी, सॅन फ्रान्सिस्को असे करीत ऑगस्ट 1951 पर्यंत लुईने आठ लढती मारल्या, आठच्या आठ! पत्रकात हे आकडे झकास दिसत होते. पण त्यांतल्या पाच लढती पुऱ्या दहा फेऱ्या चालल्या, याकडे कोण बघतो? जो हात पूर्वी लढत मिटवीत असे, तो आता नुसते गुण मिळवीत होता. 26 ऑक्टोबर 1951 रोजी रॉकी मार्सियानोने आठव्या फेरीत सदतीस वर्षांच्या लुईला दोरांपलीकडे झोपवले, तेव्हा त्या आठ विजयांचा अर्थ उमगला.

हा भुलावा एकट्या लुईच्या वाट्याला आला असे नाही. त्याच 1951 सालच्या उन्हाळ्यात मिडलवेटचा जगज्जेता शुगर रे रॉबिन्सन युरोपच्या दौऱ्यावर होता. पॅरिस, झुरिच, अँटवर्प, लिएझ, बर्लिन, तुरिन अशा सहा ठिकाणी सहा आठवड्यांत तो लढला. त्यांत पदाची लढत एकही नव्हती. तुरिननंतर नऊ दिवसांनी, 10 जुलैला लंडनमध्ये त्याने रँडॉल्फ टर्पिनपुढे पद पणाला लावले, आणि गमावले. मग पुरेशी तयारी करून त्याने ते 12 सप्टेंबरला न्यूयॉर्कमध्ये परत मिळवले, हा भाग वेगळा.

सांगावयाचे तात्पर्य असे की, लहान लढती वाईट नव्हेत. लुईला त्यांनीच जवळजवळ पावणेबारा वर्षे जागे ठेवले. मात्र त्या रात्रींत त्याचे सर्वस्व पणाला लागलेले असे. हरण्याची भीतीच त्याचा वस्ताद होती. उतारवयातल्या आठ लढतींत गमावण्याजोगे पदच हाती नव्हते, आणि म्हणून त्या जिंकूनही त्याला स्वतःविषयी खरे काही कळले नाही.

11 एप्रिल 1981 रोजी लास वेगासला लॅरी होम्सची हेवीवेट पदाची लढत झाली. प्रेक्षकांत चाकांच्या खुर्चीवर जो लुई बसला होता. दुसऱ्याच दिवशी तो वारला. त्या 25 लढतींची यादी आज कोणी वाचायला घेतली, तर शमेलिंग आणि कॉन यांच्या नावांवर त्याची नजर आपोआप थांबेल. वाचकहो, क्षणभर मुस्टो आणि मकॉय यांच्यापाशीही थांबावे. मंडळाचे सभासद झाले, तरी जगज्जेत्यासमोर ते उभे राहिले होते.