जवळ दिसणे आणि जवळ असणे

इंदूरच्या दिव्यांपासून दूर, एका स्नेह्याच्या शेतावर, सोळा इंची दुर्बिणीतून मी ‘स्टीफनचे पंचक’ पाहिले. थेट पाहता काहीच दिसेना. नजर किंचित बाजूला वळवताच दृष्टिपटलावरील दंडपेशींनी काही धुरकट ठिपके टिपले. एकमेकींना बिलगलेल्या पाच दीर्घिकांचे जणू एक कुटुंबच!

एदुआर स्टीफन यांनी १८७७ साली मार्सेय येथून हे पंचक शोधले. १९६१ मध्ये बर्बिज दांपत्याने पाचवीचे रक्तविस्थापन मोजले आणि ती परकी असल्याचा संशय बळावला. चौघी सुमारे २९ कोटी प्रकाशवर्षे दूर आहेत. पाचवी अवघ्या ४ कोटींवर, केवळ त्याच दिशेला आहे.

त्या रात्री मला माझी एक रुग्णा आठवली. तिची धाप, पायांवरील सूज, थकवा आणि घटते वजन हे सारे मी हृदयविकाराच्याच माथी मारले होते. वजन क्षयरोगाने घटत होते. ते मला महिनाभर उशिरा उमगले. सुदैवाने ती बरी झाली.

सर्व लक्षणांसाठी एकच निदान शोधण्याची आपली शिकवण मोलाचीच आहे. परंतु जे लक्षण चौकटीत नीट बसत नाही, त्याचे अंतर स्वतंत्रपणे मोजलेच पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे. एकत्र दिसणारे सारेच एका घरचे नसतात.