कॉन्ट्रास्ट तपासणी, मूत्रपिंड आणि चौविहार

हृदयाच्या रक्तवाहिन्यांची अँजिओग्राफी किंवा पोटाचा सीटी स्कॅन या तपासण्या आता बहुतेक कुटुंबांच्या परिचयाच्या झाल्या आहेत. अँजिओग्राफीत नेहमी आणि सीटी स्कॅनमध्ये अनेकदा रक्तात आयोडीनयुक्त द्रव सोडला जातो. त्यामुळे क्ष-किरणांच्या प्रतिमेत रक्तवाहिन्या व अवयव उठून दिसतात. यालाच कॉन्ट्रास्ट किंवा बोलीभाषेत ‘डाय’ म्हणतात. तो शरीराबाहेर टाकण्याचे काम मूत्रपिंडांचे. निरोगी मूत्रपिंडे बहुतांश द्रव चोवीस तासांत बाहेर टाकतात.

मूत्रपिंडे आधीच दुर्बल असतील, तर मात्र हा भार त्यांना पेलत नाही. मूत्रपिंडाच्या आतील भागाला प्राणवायूचा पुरवठा मुळातच बेताचा असतो. कॉन्ट्रास्टमुळे तेथील रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि सूक्ष्म नलिकांच्या पेशींनाही इजा पोहोचू शकते. शरीरात पाणी कमी असेल तर हा द्रव नलिकांत अधिक दाट होऊन रेंगाळतो. दोन-तीन दिवसांत रक्तातील क्रिएटिनिन वाढू लागते. बहुतेक रुग्णांत ते एक-दोन आठवड्यांत पूर्ववत होते. क्वचित कायमची हानी होते.

येथे क्रिएटिनिनचा नुसता आकडा फसवा ठरू शकतो. १.३ हा तोच आकडा तीस वर्षांच्या पुरुषात मूत्रपिंडाची गाळणक्षमता, म्हणजे ई-जीएफआर, सुमारे ७५ असल्याचे दर्शवतो. पंचाहत्तर वर्षांच्या स्त्रीत ती सुमारे ४३ च असते. म्हणून अहवालातील ई-जीएफआर पाहणे अगत्याचे. तो ३० च्या खाली असल्यास विशेष दक्षता घ्यावी लागते. अँजिओग्राफीत कॉन्ट्रास्ट धमनीतून जात असल्याने डॉक्टर त्याआधीच सावध होतात. मधुमेह, हृदयाची दुर्बलता, उतारवय आणि शरीरातील पाण्याची तूट यांमुळे जोखीम वाढते.

प्रतिबंधाचा मुख्य उपाय साधाच आहे: शरीरात पुरेसे पाणी असणे. अधिक जोखमीच्या रुग्णाला डॉक्टर तपासणीच्या आधी व नंतर शिरेतून सलाइन देतात आणि कॉन्ट्रास्टची मात्रा शक्य तितकी कमी ठेवतात. ॲसिटिलसिस्टीनच्या गोळ्यांवर पूर्वी बराच भरवसा होता. परंतु २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या, सुमारे पाच हजार रुग्णांवरील ‘प्रिझर्व्ह’ या चाचणीत त्यांचा लाभ दिसला नाही. गुडघेदुखीसाठी परस्पर घेतल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा घटवतात. त्यांची माहिती डॉक्टरांना आधी द्यावी. मेटफॉर्मिन मूत्रपिंडाला इजा करत नाही. पण मूत्रपिंड मंदावल्यास ते शरीरात साचते. म्हणून काही रुग्णांत ते ४८ तास थांबवून, रक्त तपासून पुन्हा सुरू करतात. कोणतेही औषध मनाने बंद करू नये. हृदय किंवा मूत्रपिंडाच्या विकारामुळे पाण्यावर मर्यादा असलेल्यांनी किती पाणी प्यावे, हेही डॉक्टरांनीच ठरवावे.

जैन कुटुंबात याला आणखी एक बाजू आहे. चौविहार पाळणारी व्यक्ती सूर्यास्तानंतर पाणी घेत नाही आणि नवकारसी असेल तर सूर्योदयानंतर ४८ मिनिटांनीच मुखात पाणी घेते. तपासणी सायंकाळी झाली, तर ज्या तासांत मूत्रपिंडांना पाण्याची सर्वाधिक गरज, तेच तास निर्जळ जातात. चौविहार उपवास, अठ्ठाई किंवा वर्षीतप चालू असताना ही तूट अधिकच वाढते. शिवाय ‘उपाशीपोटी या’ ही सूचना अनेक जण ‘पाणीही नको’ अशी समजतात. पाणी कितपत चालेल, हे केंद्रावर स्पष्ट विचारून घ्यावे.

यातून मार्ग काढणे अवघड नाही. तातडीची नसलेली तपासणी पारण्यानंतर काही दिवसांनी, आणि तीही सकाळच्या वेळेत ठरवावी; म्हणजे उकाळलेले पाणी दिवसभर घेता येते. डॉक्टरांना ‘उपवास आहे’ एवढेच न सांगता, ‘काल सूर्यास्तापासून पाणी घेतलेले नाही’ असे नेमके सांगावे. अनेक पच्चक्खाणांत समाधी टिकवण्यासाठी आगार ठेवलेले असतात, हे तपस्वी जाणतातच. तपासणीपूर्वी गुरुमहाराजांना विचारल्यास मनात शंका राहत नाही. घरातील ज्येष्ठ तपासणीच्या भीतीने किंवा संकोचाने तप लपवत असतील, तर मुला-सुनांनी हलक्या शब्दांत त्यांची चौकशी करावी.

या साऱ्याचा अर्थ तपासणी टाळावी असा मुळीच नाही. हृदयविकाराचा झटका आला असता अँजिओग्राफीला विलंब करणे हेच अधिक घातक. मूत्रपिंडे निरोगी असलेल्यांना ही इजा होण्याचा संभव अत्यल्प आहे. आणि ज्यांना जोखीम आहे, त्यांच्यासाठी सोनोग्राफीसारखा पर्याय पुरेसा होईल का, हे डॉक्टर सांगू शकतात. तपासणीला निघताना जुना ई-जीएफआर अहवाल, चालू औषधांची यादी आणि तपाची माहिती सोबत असावी. जोखीम असल्यास दोन-तीन दिवसांनी क्रिएटिनिन पुन्हा तपासावे. व्यापारात माल उचलण्यापूर्वी वजन-माप पाहिले जाते. देहाच्या बाबतीत तेवढीच दक्षता पुरेशी आहे.