व्यत्यय

गेल्या आठवड्यात आमच्या घरच्या ग्रुपवर दादाने एक फॉरवर्ड टाकला. दूरदर्शनचं ते गोल फिरत येणारं चिन्ह, शटरचा टीव्ही, गच्चीवरची अँटेना, लिरिलची धबधब्यातली मुलगी, सर्फच्या ललिताजी, चांदोबाचं मुखपृष्ठ... सगळं एकाच चित्रात कोंबलेलं. खाली लिहिलं होतं की ज्यांना हे आठवतं त्यांचं बालपण सगळ्यात श्रीमंत. झालं! अर्ध्या तासात चाळीस मेसेज. मामेभावाने विको वज्रदंतीची अख्खी जाहिरात गाऊन पाठवली. मीही मागे नव्हतो. 'व्यत्यय'ची पाटी कोणाला आठवते, म्हणून मीच विचारलं, आणि पुन्हा वीस मेसेज.

आईने मात्र काहीच लिहिलं नाही. एरवी ती ग्रुपवर असते, सकाळी फुलंबिलं पाठवते. रात्री फोन केला तेव्हा सहज विचारलं. म्हणाली, "अरे, मी कुठे काय पाहिलं? तुम्ही पाहायचात."

हे वाक्य काही डोक्यातून जाईना, म्हणून हे लिहितोय.

आमच्याकडे टीव्ही आला १९८१ साली. डोंबिवलीची चाळ, दहा बाय बाराची खोली, आणि मजल्यावरचा पहिला ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही आमचा. शनिवारी संध्याकाळी मराठी सिनेमा, रविवारी हिंदी. त्या दोन दिवशी आमच्या खोलीत वीस-पंचवीस माणसं तरी सहज असायची. मी पहिल्या रांगेत, टीव्हीपासून हातभर अंतरावर. बाबा खुर्चीत, बटणांचे मालक. दादा गच्चीवर अँटेनापाशी आणि खाली जिन्यात कोणीतरी ओरडायला. "आलं... आलं... गेलं!" इथपर्यंतची गोष्ट आम्ही सगळे सांगतो, आणि रंगवून सांगतो.

आई कुठे होती? मोरीला लागून असलेल्या ओट्यापाशी. पंचवीस माणसांचा चहा, मग कप विसळणं, मग आमच्या भाकऱ्या, कारण सिनेमा संपला की आम्हाला लगेच भूक लागायची. तिथून टीव्ही दिसत नव्हता, ऐकू यायचा. 'पेडगावचे शहाणे' लागला तेव्हा सुरुवात तिने पाहिली, शेवट नाही. असे किती सिनेमे तिच्या डोक्यात अर्धे आहेत कोणास ठाऊक. 'व्यत्यय'ची पाटी आम्हाला महिन्यातून दोनदा दिसायची, तिला रोजच.

आणि दारात ती उभी असायची, आमच्याकडे धुण्याला येणाऱ्या बाईंची मुलगी. माझ्याच वयाची. चौकटीला टेकून, चप्पल हातात धरून अख्खा सिनेमा उभ्याने पाहायची. आत ये असं तिला कोणी म्हटल्याचं मला आठवत नाही, मीही म्हटलं नाही. निरमाच्या जाहिरातीतल्या चौघींची नावं मला झोपेतून उठवलंत तरी ओळीने सांगता येतील. तिचं नाव आठवत नाही.

म्हणून "तेव्हा सगळे एकत्र बसायचे" हे वाचलं की हल्ली मला जरा अडखळायला होतं. एकत्र बसायचो, कारण मजल्यावर एकच टीव्ही होता आणि त्यावर एकच वाहिनी. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं, त्यानंतर जवळजवळ वीस वर्षं आपल्याला दूरदर्शनखेरीज दुसरं काही निवडायची सोयच नव्हती. ती आली मात्र, आपण काय केलं? १९९१ मध्ये स्टार, १९९२ मध्ये झी. गच्चीवर डिश बसली आणि खिडकीखिडकीतून केबलच्या काळ्या वायरी लोंबायला लागल्या. चाळीत पहिल्या आठवड्यात ज्यांनी केबल घेतली त्यांत आम्ही होतो. प्रत्येकाने आपापलं दार लावून घेतलं, आणि कोणी जबरदस्ती केली नव्हती हो.

जाहिरातींचंही तसंच. दूरदर्शनवर त्या १९७६ पासून दिसायला लागल्या. आज आपण त्यांना संस्कृती वगैरे म्हणतो, पण त्या साबण विकत होत्या. स्वस्त निरमाने बाजार खाल्ला म्हणून सर्फने ललिताजींना भाजी घ्यायला पाठवलं. कविता चौधरींनी ती बाई इतकी खरी उभी केली (२०२४ मध्ये त्या गेल्या तेव्हाही सगळ्यांना ललिताजीच आठवल्या) की आई मंडईत तिच्यासारखीच बोलायची, स्वस्त आणि चांगलं यातला फरक भाजीवाल्याला समजावून सांगायची, आणि मग घरी येऊन निरमानेच कपडे धुवायची. सर्फ परवडतंय कुणाला! उरलेले ५०१ च्या वडीने.

आता कोणी म्हणेल, याला सगळंच वाईट दिसायला लागलं. तसं नाहीये. चि. वि. जोशींचा चिमणराव दिलीप प्रभावळकरांनी केला आणि गुंड्याभाऊ बाळ कर्व्यांनी, त्याची सर आजही फार थोड्या गोष्टींना येते. ज्या पडद्यावर स्मिता पाटील मराठी बातम्या वाचत होती, त्या पडद्याबद्दल वाईट बोलायची माझी हिंमत नाही. मुद्दा वेगळाच आहे. ज्याची आठवण काढून आपण गळे काढतो, ते टिकावं म्हणून आपण काय केलं?

चांदोबाचंच बघा. विक्रमाच्या खांद्यावर प्रेत आणि हातात तलवार, ते चित्र आपल्या पिढीच्या डोळ्यांत कोरलेलं आहे. ते काढणारे शंकर मद्रासमध्ये बसून चित्रं काढत, आणि आम्हाला वाटायचं हा माणूस सदाशिव पेठेतलाच असणार. २०२० मध्ये, वयाच्या नव्वदीपलीकडे ते गेले. चांदोबा त्याच्या बऱ्याच आधी, २०१२-१३ च्या सुमारास बंद पडला होता. तेव्हाही खूप हळहळ झाली. पण हळहळणाऱ्यांपैकी शेवटच्या दहा वर्षांत एक तरी अंक विकत घेतलेले किती? मी नाही. माझ्याकडे होते तेही जुने अंक, दोऱ्याने बांधलेले, डोंबिवलीची खोली विकली तेव्हा रद्दीत गेले. मीच तराजू धरून उभा होतो.

'किशोर'ची गोष्ट तर याहून लाज वाटावी अशी. बालभारतीने नोव्हेंबर १९७१ मध्ये सुरू केलेलं मासिक. दादाच्या त्या फॉरवर्डवर कोणीतरी लिहिलं, "किशोर! कुठे हरवला तो?" आणि त्यावर आठ रडके चेहरे. अहो, हरवला नाही! तो निघतोय. जुने अंक तर इंटरनेटवर फुकट आहेत. हरवलोय आपण. दादा, रागावू नकोस, पण तुझ्या घरी दोन शाळकरी नातवंडं आहेत, आणि माझी पुतणी इथे पुण्यात आहे. दोन्ही घरांत मिळून चार स्क्रीन आणि मराठी मासिक शून्य.

परवा पुतणीसाठी वर्गणी भरली. पहिला अंक आला, तिने कोडी सोडवली, चित्रं पाहिली, गोष्टी तशाच ठेवल्या. असो.

आणि रविवारी आईकडे जाऊन 'पेडगावचे शहाणे' लावला. तिला म्हटलं, आज तू खुर्चीत, चहा मी करतो. अर्ध्या तासाने ती उठायला लागली, "दूध वर येईल रे." ओट्यावर दूध नव्हतंच. बसवलं पुन्हा. मी कप घेऊन आलो तर ती गाढ झोपलेली, चष्म्यासकट. शेवट राहिला तो राहिलाच. पुढच्या रविवारी पुन्हा जायचंय.