काचेच्या टाकीआधी खालचा हौद

नीरा डावा कालवा 1880 च्या दशकात काढला गेला. त्याच्या पाण्यावर वाढलेल्या अंथुर्णे परिसरात पाण्याची वाट ओळखणारी माणसे कमी नाहीत. शेततळ्याला सांडवा ठेवला नाही तर पहिल्याच मोठ्या पावसात बांध फुटतो, हे येथील शेतकऱ्यास सांगावे लागत नाही. असे असता त्याच्याच घरी बैठकीच्या खोलीत पाच फुटी काचेची मत्स्यटाकी येते, तेव्हा सांडव्याचा विचार सर्वांत शेवटी होतो, हे नवलच म्हटले पाहिजे. काच, दिवे, रंगीत खडे आणि मासे यांवर पैसा खर्च होतो. खालची टाकी, जिला व्यवहारात संप म्हणतात, ती उरलेल्या पैशांत व उरलेल्या जागेत बसविली जाते. हा क्रम उलटा आहे. मोठ्या टाकीची हौस करणाऱ्याने आधी खालचा हौद व नळ ठरवावेत आणि त्यांना झेपेल तेवढीच काच घ्यावी.

पाच फूट लांब, दोन फूट रुंद व दोन फूट उंच टाकीत सुमारे 550 लिटर पाणी मावते. काच धरून हे ओझे साडेसहा क्विंटलांवर जाते. एवढ्या पाण्यातील माशांच्या विष्ठेपासून व उरलेल्या खाद्यापासून अमोनिया तयार होतो. गाळणीतील जिवाणू त्याचे प्रथम नायट्राइट व नंतर नायट्रेट करतात. या जिवाणूंना भरपूर जागा व वाहते पाणी मिळावे म्हणून वरचे पाणी नळाने खालच्या हौदात उतरवावयाचे, तेथे गाळावयाचे आणि पंपाने पुन्हा वर चढवावयाचे, एवढीच ही रचना आहे.

खरी परीक्षा होते ती वीज गेल्यावर. पंप थांबला की वरच्या टाकीतील पाणी सांडव्याच्या काठापर्यंत खाली उतरते. पण तेवढ्यावर थांबत नाही. पाणी वर चढविणाऱ्या नळाचे तोंड टाकीत बुडालेले असेल, तर तोच नळ वक्रनलिकेप्रमाणे पाणी उलटे ओढू लागतो आणि तोंड उघडे पडेपर्यंत ओढत राहतो. वर सांगितलेल्या टाकीचा पृष्ठभाग 10 चौरस फूट आहे. म्हणजे पातळी एक इंच उतरली की सुमारे 24 लिटर पाणी खाली येते. तोंड सहा इंच खोल असेल तर 140 लिटरांहून अधिक येईल. खालचा हौद तीन फूट लांब, दीड फूट रुंद व दीड फूट उंच असल्यास त्यात सुमारे 190 लिटर मावतात. तो निम्मा भरलेला असेल तर 95 लिटरांची जागा शिल्लक. उरलेले पाऊणशे नव्हे तरी 45 लिटर पाणी घरच्या फरशीवर. आणि पुन्हा वीज आली की हौदातून जेवढे सांडले तेवढे पाणी कमी पडून पंप कोरडा फिरण्याचा धोका असतो, तो वेगळाच.

विहिरीवरच्या मोटारीला फूट व्हॉल्व्ह असतो, म्हणून येथेही तसाच एखादा व्हॉल्व्ह बसवून पुष्कळजण निश्चिंत होतात. एखादी गोगलगाय किंवा शेवाळाचा धागा त्यात अडकला की तो नीट मिटत नाही. त्यापेक्षा नळाचे तोंड पृष्ठभागाच्या अगदी खाली ठेवणे आणि पाण्याच्या रेषेलगत नळाला लहान भोक पाडून हवा आत जाण्याची सोय करणे हे अधिक भरवशाचे. हे भोक शेवाळाने बुजते. दर आठवड्यास ते पाहिले पाहिजे. मासे सोडण्यापूर्वी टाकी साध्या पाण्याने चालवून बटण मुद्दाम बंद करावे, खालची पातळी स्थिर होईपर्यंत समोर उभे राहावे, आणि हौद न सांडता चालू स्थितीत कोठवर भरता येतो त्याची रेघ हौदावर ओढून ठेवावी.

उतरता नळ चढत्या नळापेक्षा मोठा हवा. चढता एक इंची असेल तर उतरता दीड ते दोन इंची. शिवाय एक जादा नळ, जाळी तुंबली तरच उपयोगी पडेल असा, थोड्या वरच्या पातळीस ठेवावा व त्यावर कोणताही कॉक लावू नये. ठिबक सिंचनामुळे पीव्हीसी पाइप, एल्बो व युनियन तालुक्यात कोठेही मिळतात. जोडाचे सोल्युशन पूर्ण वाळू द्यावे आणि नळ धुऊन घ्यावेत. तांबे व पितळ टाळावे. तांब्याचा अंश माशांना व गोगलगायींना घातक ठरतो. मोठा पंप घेऊन काही साधत नाही, उतरता नळ जेवढे नेईल तेवढेच पाणी फिरणार. शेतावरील वस्तीवर वीज वारंवार जात असेल, तर बॅटरीवर चालणारा लहान हवेचा पंप मात्र हवाच.

उन्हाळ्यात पाणी आटते व ती घट खालच्या हौदातच दिसते. नुसती भर घालत राहिल्यास क्षार मागे साचतात. निचरा नसलेली कालव्याकाठची जमीन क्षारपड होते, तोच हा प्रकार. म्हणून आठवड्यास दहावा हिस्सा तरी पाणी बदलावे. काढलेल्या पाण्यात नायट्रेट असते. खारे अथवा औषध घातलेले नसेल तर ते परसबागेतील वांगी-मिरचीस द्यावे. ओढ्यात किंवा पाटात सोडू नये, आणि मासा तर मुळीच नाही. टाकीतील शेवाळ खाण्यासाठी विकला जाणारा सकर मासा आज उजनीच्या जलाशयात मच्छीमारांच्या जाळ्यांत सापडतो, आणि त्याच्या काट्यांनी जाळी फाटतात. नकोसा झालेला मासा ज्या दुकानातून आणला तेथे परत द्यावा.