दवा, दुआ आणि अंदाज

रोजच्या जगण्यात माणूस तीन प्रकारे निर्णय घेतो. काही गोष्टी तो तपासून पाहतो, काही अंदाजाने ठरवतो आणि काहींपुढे हात जोडतो. या तिन्हींचा समतोल साधावा, थोडी बुद्धी आणि थोडी श्रद्धा असावी, हा सल्ला व्याख्यानांतून, दिवाळी अंकांतून आणि सकाळी सकाळी मोबाइलवर येणाऱ्या संदेशांतून अखंड मिळत असतो. तो ऐकायला बरा वाटतो, पण अडलेल्या माणसाच्या उपयोगी पडत नाही. तापाने फणफणलेल्या मुलाला अर्धे औषध आणि अर्धा अंगारा देऊन कसलाही समतोल साधत नाही. कोणत्या प्रसंगी कोणाचे ऐकायचे, हा खरा प्रश्न आहे. उत्तर नागपुरात, जरीपटक्याच्या आसपासच्या वस्त्यांत, त्याची बरीचशी उत्तरे एकमेकांच्या शेजारी नांदताना दिसतात.

जरीपटका ही फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या विस्थापितांनी वसवलेली, फुलवलेली वस्ती. कापडापासून किराण्यापर्यंतचा व्यापार ही तिची ओळख आणि झुलेलाल हे तिचे दैवत. चेटीचंडला, म्हणजे सिंधी नववर्षाला, आणि पावसाळ्यातल्या चाळीस दिवसांच्या चालिहा व्रतात बहराणा साहिब, म्हणजे पूजेचे ताट, सजते. त्यात ज्योत, खडीसाखर, फळे आणि अक्षता असतात. पूजेनंतर पदर पसरून ‘पल्लव’ म्हटला जातो आणि ज्योत पाण्यात सोडली जाते. ज्यांची सिंधू सीमेपलीकडे राहिली, त्यांनी आपल्या दैवताला विदर्भातल्या पाण्यापाशी आणून बसवले. हीच माणसे दुकानात बसल्यावर रोजमेळ पैशापर्यंत जुळवतात. घर, गाव आणि नदी एकाच वर्षात गेल्यावर त्या दुःखाचे काय करायचे, याचे उत्तर कोणत्याही खातेवहीत नसते. ते काम प्रार्थनेने केले. ती कोणाला फसवत नाही, कोणाचा उपचार थांबवत नाही आणि पडताळून पाहावा असा कोणताही दावा करत नाही. अशा श्रद्धेशी भांडण उकरून काढणाऱ्या विवेकवाद्याला आपले काम नीट कळलेले नाही.

जरीपटक्याला लागूनच इंदोरा आहे. इथल्या बौद्ध वस्त्यांना श्रद्धेचा वेगळाच धडा मिळाला. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. बुद्धीला पटेल तोच धर्म स्वीकारायचा, हा त्यांचा आग्रह होता, आणि त्यांच्या मृत्यूनंतर 1957 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचा कणाही तोच आहे. या परंपरेत कालाम सुत्ताला मोठा मान आहे. केसपुत्त गावच्या कालामांनी बुद्धांना विचारले, की येणारा प्रत्येक उपदेशक आपलेच खरे म्हणतो, तर मानायचे कोणाचे? ऐकीव आहे, परंपरेने चालत आले आहे, ग्रंथात लिहिले आहे किंवा गुरूने सांगितले आहे एवढ्यावरून काही मानू नका, हा बुद्धांच्या उत्तराचा भाग सर्वांना ठाऊक असतो. त्याच यादीत निव्वळ तर्कही आहे, हे मात्र सहसा सांगितले जात नाही. केवळ युक्तिवाद जुळला म्हणूनही मानू नका. वागून पाहा, त्याने लोभ, द्वेष आणि मोह वाढतो की घटतो ते बघा, आणि सुज्ञ माणसे त्याला काय म्हणतात तेही ध्यानात घ्या, असे ते सांगणे आहे. तर्काला अनुभवाच्या कसोटीवर उभे करणारी ही शिकवण रोजच्या वापरातली आहे. इंदोऱ्यातल्या विहारात वंदनेला बसणारी बाई आणि तिथेच स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारी तिची मुलगी यांना दोन वेगळ्या जगांत राहावे लागत नाही.

अंदाजाचे शास्त्र नागपुरी संत्र्याच्या व्यापारात चांगले समजते. काटोल-नरखेडपासून वरुडपर्यंतच्या पट्ट्यात व्यापारी झाडावरचे फळ पाहून अख्ख्या बगीच्याचा सौदा करतात. अनुभवी माणूस बगीच्यातून एक फेरी मारतो आणि माल किती निघेल ते सांगतो. कसे ओळखले, हे त्याला फोड करून सांगता येत नाही. तरीही तो अंदाज भरवशाचा असतो, कारण आंबिया आणि मृग या दोन्ही बहारांत माल काट्यावर चढतो आणि चूक झाली असेल तर ती खिशाला कळते. मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमान आणि अग्निशमन दलातल्या अधिकाऱ्यांच्या निर्णयांचा अभ्यास करणारे गॅरी क्लाइन यांनी 2009 मध्ये एकत्र लिहिलेल्या लेखात हाच निष्कर्ष काढला. अंतःप्रेरणेबद्दल दोघांची मते सुरुवातीला परस्परविरोधी होती. शेवटी दोघांचे दोन अटींवर एकमत झाले: ज्या क्षेत्रात आतला अंदाज बांधायचा त्यात काही नियमितपणा हवा, आणि आपला अंदाज बरोबर आला की चुकला हे पुन्हा पुन्हा कळण्याची सोय हवी. जुन्या परिचारिकेला रुग्णाचा चेहरा पाहून काहीतरी बिनसल्याचे जाणवते, ते या दोन्ही अटी पुऱ्या होतात म्हणून. शेअर बाजारात उद्या काय होईल याबद्दल एखाद्याला कितीही आतून वाटले, तरी तिथे त्या वाटण्याला आधार नसतो.

त्याच संत्रापट्ट्यात पाणाड्याही असतो. तळहातावर नारळ उभा राहिला किंवा उंबराची दुबेळकी फांदी खाली झुकली, की तिथे बोअर घ्यायची. हात नकळत हलतो, हे त्या झुकण्याचे साधे कारण आहे. शिवाय जमिनीखाली कुठे ना कुठे थोडेफार पाणी लागतेच, त्यामुळे पाणाड्याला यश मिळत राहते. कोरड्या गेलेल्या बोअरचा हिशेब कोणी ठेवत नाही. ती शेतकऱ्याच्या नशिबाच्या खात्यावर टाकली जाते, आणि म्हणून पाणाड्याचा अंदाज तीस वर्षांनीही होता तिथेच राहतो. व्यापारी आणि पाणाड्या दोघेही आतून जाणवल्याचेच सांगतात. पहिल्याच्या चुका मोजल्या जातात, दुसऱ्याच्या मोजल्या जात नाहीत. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचे भूवैज्ञानिकही चुकतात, पण त्यांची चूक नोंदली जाते आणि पुढच्या सर्वेक्षणाला उपयोगी पडते.

जरीपटक्याच्या जवळच, मानकापूरकडे, प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. 1864 मध्ये सुरू झालेली ही संस्था महाराष्ट्रातल्या चार सरकारी मनोरुग्णालयांपैकी एक. तिच्या इतिहासात श्रद्धा आणि वैद्यक यांची एक विलक्षण गाठ पडलेली आहे. पुढे संत मानले गेलेले ताजुद्दीन बाबा 1861 मध्ये कामठीत जन्मले. त्यांचे आईवडील लवकर गेले. पुढे ते लष्करात लागले आणि सागरच्या छावणीत असताना रात्री एका दर्ग्यात जाऊन बसू लागले. नोकरी सुटली. कामठीला परतल्यावर त्यांचे वागणे कोणाला कळेना. मुले दगड मारू लागली. 1892 मध्ये त्यांना या वेड्यांच्या इस्पितळात भरती केले गेले आणि पुढची सुमारे 16 वर्षे त्यांनी तिथे काढली. त्या काळात दर्शनासाठी लोकांची रीघ इस्पितळापर्यंत येऊ लागली. 1908 मध्ये राजे रघुजीराव भोसले यांनी त्यांना सोडवून शक्करदऱ्याला आपल्याकडे नेले. 17 ऑगस्ट 1925 रोजी त्यांचे निधन झाले. आज ताजबागेतल्या त्यांच्या दर्ग्यावर सर्व धर्मांचे लोक चादर चढवायला येतात.

हा इतिहास वाचून दोन घाईचे निष्कर्ष निघतात. डॉक्टरांना संत ओळखता आला नाही, हा पहिला. आणि लोकांनी एका रुग्णाला संत केले, हा दुसरा. शतकापूर्वीच्या माणसाचे निदान आज करणे हा दोन्हीकडचा आगाऊपणा आहे. नागपूरकरांनी त्यांच्यावर प्रेम केले आणि त्या प्रेमातून एक मोकळे, सर्वांना सामावणारे स्थान उभे राहिले, एवढे मात्र निर्विवाद आहे. धोका पुढच्या पायरीवर असतो. घरातली सून अबोल झाली, मुलगा रात्र रात्र जागू लागला, कानात आवाज येतात असे म्हणू लागला, की ‘बाहेरचं झालं’ म्हणून त्याला आधी भगताकडे आणि मग दर्ग्या-देवळांत फिरवले जाते. मनोरुग्णालयाच्या दारापर्यंत येईतो आजार जुना झालेला असतो. तमिळनाडूत एरवाडी इथे दर्ग्याच्या आसऱ्याने चालणाऱ्या एका निवाऱ्यात 6 ऑगस्ट 2001 च्या पहाटे आग लागली. रुग्ण साखळदंडांनी बांधलेले होते. 28 जण जळून मेले. त्या साखळ्या घालणाऱ्यांना आपण धर्माचेच काम करतो आहोत असे वाटत होते.

गुजरातमधल्या उनावा गावच्या मीरा दातार दर्ग्यात त्यानंतर काही वर्षांनी वेगळी वाट काढली गेली. दर्ग्याचे मुजावर आणि मनोविकारतज्ज्ञ एकत्र आले. येणाऱ्या कुटुंबाला मुजावर दुआ देतो आणि त्याच आवारातल्या डॉक्टरकडे पाठवतो. लोक त्याला ‘दवा आणि दुआ’ म्हणतात. कुटुंबाची श्रद्धा दुखावत नाही आणि गोळी वेळेवर सुरू होते. गोळीचे काम गोळी करते. ती रोज घ्यायचा धीर, आणि आपण एकटे नाही हा विश्वास, कुटुंबाला दुआ देते. या दोन गोष्टींची अदलाबदल झाली की माणूस मरतो. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने मनोरुग्णाला साखळीने बांधण्यास देशभर मनाई केली आहे.

महाराष्ट्राने ही सीमारेषा त्याआधीच कायद्यात आखली होती, आणि तीही नागपुरात. अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात हत्या झाली. ज्यासाठी ते झटले त्या, अनेक वर्षे रखडलेल्या विधेयकाचा अध्यादेश त्यानंतर काही दिवसांत निघाला, आणि डिसेंबरमधल्या नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात दोन्ही सभागृहांनी जादूटोणाविरोधी कायदा मंजूर केला. भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधून ठेवणे, मारहाण करणे, मिरचीची धुरी देणे हे गुन्हे ठरले. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत आहे. त्याच कायद्यात वारी, यात्रा, प्रदक्षिणा, कीर्तन, प्रवचन आणि भजन यांना हात लावलेला नाही. ज्योतिषाचा आणि पाणाड्याचा सल्लाही गुन्हा धरलेला नाही. हा कायदा देवाविरुद्ध आहे असे अजूनही सांगत फिरणाऱ्यांनी तो एकदा वाचावा. ज्या विदर्भात गाडगेबाबांनी एकाच कीर्तनात देवाचे नाव घ्यायला लावले आणि देवापुढे कापल्या जाणाऱ्या बकऱ्याबद्दल जाबही विचारला, तिथे तरी हा फरक समजायला जड जाऊ नये.

या कायद्याच्या अनुसूचीत एक कलम साप, विंचू आणि कुत्रा चावलेल्यांसाठी आहे. उपचार घेण्यापासून रोखून मंत्रतंत्र करणे हा त्यात गुन्हा आहे. ते कलम पावसाळ्यात दरवर्षी आठवावे लागते, कारण मांत्रिकाचे यश डोळ्यांनी पाहिल्याचे सांगणारी भली माणसे प्रत्येक गावात भेटतात. ती खोटे बोलत नसतात. धामण, दिवड, तस्कर, कवड्या हे आपल्याकडे वारंवार दिसणारे साप बिनविषारी आहेत. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चार जीवघेणे, पण तेही प्रत्येक चाव्यात विष सोडतातच असे नाही. त्यामुळे मांत्रिकाकडे गेलेल्यांपैकी बहुतेक जण कडुनिंबाचा पाला फिरवला किंवा न फिरवला तरी घरी परतणारच असतात. जो परतत नाही, त्याला आणायला उशीर झाला असे सांगितले जाते. पाणाड्याच्या कोरड्या बोअरसारखाच तोही हिशेबाबाहेर राहतो. फरक एवढाच की इथे गेलेला पैसा नसतो, जीव असतो. भारतात 2000 ते 2019 या काळात सर्पदंशाने सुमारे 12 लाख मृत्यू झाल्याचा अभ्यासकांचा अंदाज आहे. वर्षाला सरासरी 58 हजार.

मण्यारीचा दंश सर्वांत फसवा. ती रात्री, जमिनीवर झोपलेल्याला चावते. जखम जवळजवळ दिसत नाही, सूज नसते, दुखतही नाही. पहाटे पोटात कळ येते, पापण्या जड होतात, बोलणे अडखळते आणि मग श्वास. काही झालेले नाही असे घरच्यांना आतून वाटत असते आणि ते वाटणे इथे संपूर्ण चुकीचे ठरते. अशा वेळी आतल्या आवाजाला बाजूला सारावेच लागते. प्रार्थना करायची असेल तर ती गाडीत बसून करता येते. चारही सापांच्या विषावर चालणारे एकच इंजेक्शन सरकारी रुग्णालयांत मिळते. जखम कापू नये, चोखू नये, करकचून दोरी बांधू नये. चावलेला हात किंवा पाय हलू न देता रुग्णाला थेट रुग्णालयात न्यावे.

रुग्णवाहिकेचा क्रमांक 108 आहे. मनाच्या आजारासाठी ऑक्टोबर 2022 पासून टेली-मानस ही सरकारी सेवा 14416 या क्रमांकावर चोवीस तास मोफत मिळते आणि तिथे मराठीतून बोलता येते. दोन्ही क्रमांक देवघराशेजारच्या भिंतीवर लिहून ठेवावेत.